बाबांचा मर्फी: दुरुस्तीच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

दिवाळीची आवराआवर सुरू झाली, त्यात माळ्यावरून रेडिओ खाली आला. म्हणजे नातवाने काढला, मी खाली स्टूल धरून "सावकाश, सावकाश" म्हणायचं काम केलं. मर्फी, लाकडी कॅबिनेट, व्हॉल्व्हचा, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या. बाबांनी १९६३ च्या दिवाळीत घेतलेला. पुसून टेबलावर ठेवला तर ही म्हणाली अहो भंगारवाला उद्याच येतोय, रद्दीबरोबर देऊन टाका. मी म्हटलं बघतो. लग्नाला ४८ वर्षं झाली, "बघतो" म्हणजे काय ते तिला कळतं.

तर हा प्रकल्प. जमलं तर वाजवायचा, नाही जमलं तर निदान का नाही जमलं ते लिहून ठेवायचं. सवय एक्स्चेंजमधली आहे. ३८ वर्षं टेलिफोन खात्यात टेक्निशियन होतो, १९७१ ला लागलो तेव्हा पोस्ट आणि तार एकच खातं होतं, मग १९८५ ला दोन झाली, मग २००० साली आमचं बीएसएनएल झालं, मी खुर्चीवरून हललो नाही पण तीन नावांखाली नोकरी झाली. तिथे प्रत्येक फॉल्टचं डॉकेट असायचं. तक्रार काय, सापडलं काय, किती वाजता क्लियर. तसंच इथे.

तक्रार: वाजत नाही. शेवटचा कधी वाजला: बहुतेक १९८९. मागचा पुठ्ठा उंदराने कुरतडलाय. डायलची दोरी तुटलेली. एक नॉब गायब. काच मात्र शाबूत, त्यावर बॉम्बे, दिल्ली, लाहोर, सिलोन अशी नावं. नातवाने विचारलं आजोबा लाहोर का लिहिलंय? म्हटलं तेव्हा लागायचं म्हणून. काटा थोडा सरकवला की लाहोर, पासपोर्ट वगैरे काही नाही.

आत लायसन्सचं पुस्तकसुद्धा सापडलं. रेडिओ ऐकायला सरकारचं लायसन्स लागायचं, पोस्टात दरवर्षी १५ रुपये भरून शिक्का मारून आणायचा, हे नातवाला खरंच वाटेना. त्याचा फोन दिवसभर कुठलं कुठलं ऐकवत असतो, त्याचं लायसन्स कोण विचारतंय.

९ ऑक्टोबर, बुधवार

प्लग लावायचा नाही. हे सगळ्यात आधी. तीसपस्तीस वर्षं बंद असलेला सेट सरळ मेन्सला लावला तर कंडेन्सर फुटतो नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो. सिरीज बोर्डवर घ्यायचा, म्हणजे साठचा बल्ब मध्ये. बल्ब फुल पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. पन्नास वर्षं हेच करत आलो.

आणि घरात एकही बल्ब नाही! सगळे एलईडी. एलईडी सिरीजला काही कामाचा नाही, त्याच्या आत स्वतःचंच सर्किट असतं, तो काही सांगत नाही नुसता लुकलुकतो. कोथरूडमधली चार दुकानं फिरलो. एका पोराने मला "वॉर्म व्हाइट" एलईडी दाखवला, सेम पिवळा आहे काका म्हणे. शेवटी एका जुन्या दुकानात मिळाला, तो माणूस ठेवतो कारण कोंबडीची पिल्लं वाढवणारे ऊब द्यायला नेतात. दोन घेतले.

काम झालं नाही आज. बल्ब शोधण्यातच दिवस गेला, पण बल्ब शोधायला म्हणून पाच किलोमीटर चाललो, डॉक्टर रोज चाला म्हणतात ते असंच होतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, पक्कड यांची पूजा केली, झेंडूचं फूल ठेवलं. निवृत्त होऊन १५ वर्षं झाली पण हत्यारं काढायची राहात नाहीत. पूर्वी एक्स्चेंजमध्ये खंडेनवमीला रॅकना तोरणं लागायची, पेढे असायचे. तो स्ट्रोजर एक्स्चेंज म्हणजे एक हॉलभर लोखंड, कोणी नंबर फिरवला की सिलेक्टर खटखट वर चढायचा आणि आत फिरायचा, सकाळी दहाला सगळं शहर फोन करायला लागलं की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाजायचं. आम्हाला नुसत्या आवाजावरून कळायचं कुठला रॅक अडलाय. नंतर इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आले, हॉलमध्ये एसीची घरघर फक्त. काम सोपं झालं, आणि कान बेकार झाले.

आज बघितलेलं: व्हॉल्व्ह पाच आणि एक हिरवा डोळा (स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा). ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२, ईझेड ८० वाचता आले, एकाची अक्षरं पुसली गेलीत (पुसताना मीच पुसली, हे लिहून ठेवतो, कोरड्या फडक्यानेसुद्धा काचेवरची अक्षरं जातात, हात लावायचा नाही). फिलामेंट मीटरवर चेक केले, सगळ्यांचे चालू. ट्रान्सफॉर्मर ठीक. मेन फिल्टर कंडेन्सर वाळून गेलेला, तळाशी पांढरी पावडर. जाणारच, आत ओला पदार्थ असतो, साठ वर्षं कोण ओलं राहणार.

१६ ऑक्टोबर, बुधवार

तपकीर गल्ली. मेट्रोने गेलो. वनाजला बसलो, सिव्हिल कोर्टला उतरून खालच्या लाइनला, तिथून कसबा पेठ. स्वारगेटपर्यंतचा हा खालचा रस्ता आत्ताच, २९ सप्टेंबरला सुरू झालाय. सिव्हिल कोर्टला सरकते जिने उतरतच राहतो आपण, शंभर फुटांहून खाली आहे ते. उतरताना माझ्या डोक्यात पानशेतचा पूरच. १२ जुलै १९६१. आम्ही तेव्हा नारायण पेठेत नदीच्या बाजूला, मी बारा वर्षांचा, वाड्याच्या वरच्या मजल्यावर आईने एका हाताने मला आणि एका हाताने देवांचा डबा धरला होता, आणि खाली आमची भांडी तरंगत बाहेर चालली होती. आता त्याच नदीच्या खालून मी एसीत बसून कंडेन्सर आणायला चाललोय, आणि शेजारचा मुलगा मान वर न करता मोबाईलवर क्रिकेट खेळतोय. बरं आहे. प्रत्येकाने पुराचा विचार करत बसायला पाहिजे असं काही नाही.

(रेडिओ पुरानंतर घेतला तो ह्याच कारणाने. पुराच्या दिवशी कोणाला काही धड कळलं नव्हतं, नुसती आरडाओरड, कोण म्हणे पळा कोण म्हणे काही नाही. बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते, पैसे जेमतेम, पण म्हणाले आधी रेडिओ, पलंग नंतर. आम्ही पुढे दोन वर्षं खाली झोपलो.)

दुकानात म्हटलं कंडेन्सर द्या, ४७ मायक्रोफॅरॅड ४५० व्होल्ट. पोरगा म्हणाला कपॅसिटर का? मग म्हणाला एवढ्या व्होल्टचा नसतो काका, २५ व्होल्टचा देऊ? आतून त्याचे वडील आले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "व्हॉल्व्ह सेट?" बास. पुढचा पाऊण तास आम्ही दोघंच. पोराने मध्ये तीन गिऱ्हाईकं केली. कपलिंगचा पेपर कंडेन्सर हमखास लीक असतो, तो न बघता बदला, असं त्यांनी सांगितलं, ते मलाही माहीत होतं पण ऐकून घेतलं कारण सांगण्यात त्यांना आनंद होता.

बिल २१० रुपये. यूपीआयने दिले, डब्यातून बाईने हिंदीत ओरडून सांगितलं. पूर्वी प्रत्येक दुकानात एका कोपऱ्यात रेडिओ असायचा, गाणी चालू. आता त्या कोपऱ्यात हा डबा, त्याला एकच गाणं येतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

फिल्टर कंडेन्सर दोन, कपलिंग एक, बाकी पेपरचे सात असे सगळे बदलले. हात थरथरतो हल्ली, डाव्या हाताखाली उशी घेतली. सोल्डरचा धूर नाकात गेला आणि एकदम २५ वर्षांचा झालो, दोन सेकंद.

पथ्य: सेटला २५० व्होल्ट डीसी असतो आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतो. एक हात खिशात ठेवून काम करायचं म्हणजे झटका छातीतून जात नाही. नातवाला हे तीनदा सांगितलं. त्याने विचारलं मग व्हिडिओ कुठल्या हाताने काढू.

डायलची दोरी: नायलॉन घसरतो. हिच्या मणी ओवायच्या दोऱ्याला मेण लावून बसवला. कप्पीवर अडीच वेढे आणि उलटी स्प्रिंग, तासभर लागला, चार वेळा सुटला. ह्या कामाला शिव्या लागतातच, घरात लहान मूल असल्याने मनात दिल्या.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

सिरीज बोर्डवर लावला. साठचा बल्ब लख्ख पेटला, पोटात गोळा आला, आणि मग व्हॉल्व्ह तापले तसा हळूहळू मंद झाला. बरोबर आहे. मग सरळ मेन्सवर. अर्धा मिनिट काही नाही. नातू म्हणाला गेला वाटतं. म्हटलं थांब, हा उठायला वेळ घेतो, माझ्यासारखाच. मग हिरवा डोळा उजळला, आणि घरघर, आणि काटा फिरवला तर ७९२ वर आकाशवाणी पुणे. मोठा, भरदार. ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि चक्क बसली. ओवाळायचं ताट तसंच राहिलं. भाव मात्र ओवाळणीचा वाढवून मागितला.

तेवढं झाल्यावर ५५८ ला गेलो, आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी. बाबांचं मुख्य ऐकणं मुंबईच, रविवारी सकाळी दाढी करताना. तिथे काही नाही. नुसता झर्रर्र आवाज, तळणीत काहीतरी टाकल्यासारखा. काटा कुठेही न्या, पुणे सोडलं तर झर्रर्र.

फॉल्ट क्लियर नाही.

५ ते १७ नोव्हेंबर, एकत्र लिहितोय

मी दहा दिवस सेटमध्येच फॉल्ट शोधत बसलो. ईबीएफ ८९ बदलला, जुन्या बाजारात रविवारी एक मिळाला होता, बीईएलचा, खोक्यात, बंगलोरला बनलेला, कधी वापरलेला नाही. फरक शून्य. आयएफ, म्हणजे आतल्या मधल्या टप्प्याचं ट्यूनिंग, परत लावलं. शून्य. वेव्ह चेंजचा स्विच पेट्रोलने धुतला, ही ओरडली, वास दोन दिवस. शून्य.

मग १४ तारखेला दुपारी सोसायटीची वीज गेली. गंमत बघा, मर्फी बंद झाला कारण तो विजेवर, पण माझा खिशातला ट्रान्झिस्टर सेलवर, तो सहज लावला तर ५५८ स्वच्छ! शब्दन् शब्द. वीस मिनिटांनी वीज आली आणि मुंबई बुडाली, त्याच क्षणी, झर्रर्र.

म्हणजे दोष सेटमध्ये नाहीच. आजूबाजूला आहे. एवढं साधं मला सुचायला दहा दिवस लागले, लाज वाटली, कारण १९८ वर फोन बंदची तक्रार आली की आम्ही आधी लाइन बघायचो आणि मग इन्स्ट्रुमेंट. इथे मी उलट केलं. बाबांच्या वस्तूत खोट असणार असंच धरून चाललो.

मग ट्रान्झिस्टर हातात घेऊन घरभर फिरलो. कुठे किती ओरडतो: एलईडी बल्ब, ओरडतो. नातवाचा चार्जर, फार. वायफायचा अडॅप्टर, मध्यम. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स बंद असतानासुद्धा. ह्या सगळ्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारं सर्किट असतं, त्याने वीज वाचते आणि आकार लहान होतो, पण मिडियम वेव्हवर त्याचा कचरा पडतो. १९६३ च्या आमच्या खोलीत विजेची वस्तू किती? एक बल्ब आणि हा. आज मोजल्या, ३१. गच्चीवर गेलो तर तिथे सगळ्यात जास्त, सोलरच्या इन्व्हर्टरजवळ. आणि सोलर बसवायचा ठराव मांडणारा मीच, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मोठ्ठं भाषण केलं होतं.

मला राग आला नाही. बिल निम्म्यावर आलंय. एलईडीने डोळ्याला त्रास नाही. पण पूर्वी शांतता फुकट होती, कोणी मोजलीच नव्हती ती.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

हयातीचा दाखला. दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनरने जिवंत आहे हे कळवायचं. बँकेत गेलो, मशीनवर अंगठा ठेवला, जुळेना. दहाही बोटं झाली. सोल्डर आणि तारा ओढून रेषाच राहिल्या नाहीत. काउंटरवरची मुलगी म्हणाली काका बोटं ओली करा, मग म्हणाली कोरडी करा. तास गेला. घरी आल्यावर नातवाने मोबाईलवर चेहऱ्याचं अ‍ॅप लावलं, डोळे मिचकवा म्हणाला, मिचकावले, झालं. एक मिनिट. आता वर्षभर मी आहे.

(उद्या मतदान. सकाळी सातलाच जाऊन येणार, रांग नसते. तिथे निदान बोटाला शाई लावतात, रेषा मागत नाहीत.)

१ डिसेंबर, रविवार

उपाय ठरला: एरियल घरातून बाहेर. घरातला कचरा घरात ठेवायचा आणि तार उंच, लांब. पूर्वी प्रत्येक वाड्यावर जाळीची पट्टी नाहीतर तांब्याची तार असायचीच. सोसायटीला रीतसर अर्ज दिला. सेक्रेटरींनी विचारलं, डिश आहे का? नाही. कॅमेरा? नाही. मग नुसती तार कशाला? त्यांचं वय ३६, समजावताना मला मजा आली. परवानगी मिळाली, अट एवढीच की सोलर पॅनलवर सावली पडू नये. तारेची सावली!

अर्थिंगचं वेगळंच. पूर्वी नळाला तार गुंडाळली की झालं, लोखंडी पाइप सरळ जमिनीत. आता सगळे पाइप प्लॅस्टिकचे. शेवटी बागेत माळीबुवांकडून खड्डा घेतला, तांब्याचा रॉड, कोळसा, मीठ. माळीबुवांनी विचारलं आजोबा काय पेरताय.

गच्चीवर ४५ फूट तार ओढली, नातू वर, मी खाली खुर्चीवर. दहावीचं वर्ष आहे त्याचं, सूनबाईंनी काही म्हटलं नाही पण घड्याळाकडे बघितलं. मान्य. साडेबाराला त्याला सोडून दिला.

२ डिसेंबर, सोमवार

दिवसा: मुंबई आहे, पण मागे झर्रर्र आहे. निम्मा झाला. रात्री नऊला: परत वाईट, सगळ्यांचे दिवे, टीव्ही, चार्जर.

मग कधी? सोलर सूर्यावर चालतो, लोक रात्री बारापर्यंत जागतात. दोन्ही नसतात अशी वेळ एकच. आणि पहाटे अंधार असेपर्यंत मिडियम वेव्ह लांबून चांगली येते, ऊन पडलं की आकाशातला एक थर ती शोषून घेतो, हे तर जुनंच.

झोप तशीही साडेचारला संपते. पंच्याहत्तरीनंतर ती एक सोय आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

पहाटे पावणेसहा. हॉलमध्ये अंधार, फक्त हिरवा डोळा. वायफाय बंद केला (नातू सातला उठेपर्यंत कोणाला कळत नाही). ५५८ वर आधी नुसती वाफेसारखी सळसळ, मग आकाशवाणीची ती सुरुवातीची धून. वॉल्टर कॉफमनची, १९३६ च्या सुमाराची, व्हायोलिन आणि तंबोरा. नंतर वंदे मातरम्.

झर्रर्र नाही.

कानातलं मशीन काढून ठेवलं. त्याने सगळं टोकदार ऐकू येतं. ह्या सेटला मुळातच वरचे सूर नाहीत आणि माझ्या कानालाही राहिले नाहीत, त्यामुळे आमचं दोघांचं बरोबर जुळतं. बाबा खुर्ची उजवीकडे घेऊन बसायचे, तेव्हा वाटायचं उजेडासाठी. आज लक्षात आलं स्पीकर त्या बाजूला आहे. त्यांचा डावा कान फॅक्टरीत गेलेला, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आम्ही आपले म्हणायचो बाबा हाक मारली तरी लक्ष देत नाहीत.

वेळ ५.५८. टीओके, म्हणजे टेस्टेड ओके.

१६ डिसेंबर, सोमवार

झाकीर हुसेन गेले. काल रात्रीपासून घरच्या ग्रुपवर आधी गेले, मग नाही गेले, मग गेले. पहाटे रेडिओ लावून बसलो. नेहरू गेले २७ मे १९६४ ला तेव्हा ह्याच सेटसमोर अर्धा वाडा जमला होता, आणि कोयनेच्या भूकंपाची बातमी, ११ डिसेंबर १९६७, ती पण ह्यावरच, पहाटे हादरा बसला तो आम्हालाही, पण कुठे झालं ते ह्याने सांगितलं. सांगेपर्यंत कोणाला काही माहीत नसायचं आणि सांगितलं की ते झालेलं असायचं. हल्ली एकच माणूस एका रात्रीत तीनदा जातो.

आज फक्त तबला ऐकायचा होता, पण ही उठली, तिने चहा टाकला, मग बसलो बोलत. पुण्याला एका मैफलीत आम्ही दोघं मागच्या रांगेत उभं राहून ऐकलं होतं त्यांना, तिला साल आठवतं, मला नाही, वाद झाला.

५ जानेवारी २०२५, रविवार

नॉब अजून मिळाला नाही. तात्पुरता तेलाच्या बाटलीचं बूच बसवलंय, काम देतं.

ही आता वायफाय बंद केलात का म्हणून स्वतःच विचारते. भंगारवाल्याचा विषय निघत नाही.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

नातू पहाटे उठून आला, पूर्वपरीक्षा आहे, अभ्यासाला. पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला आजोबा ती शिटी बंद करा ना. कुठली शिटी? बारीक, सारखी चालू आहे. मी कान लावला, मशीन घातलं, काढलं. काही नाही. मग फोनवर त्याने काहीतरी अ‍ॅप लावून दाखवलं, पडद्यावर एक उभी रेघ, ९ किलोहर्ट्झला. खरंच आहे. मिडियम वेव्हवर दर नऊ किलोहर्ट्झला एक स्टेशन, अंधारात शेजारचं लांबचं स्टेशन पण पोचतं आणि दोघांच्या फरकाची शिटी वाजते. पहाटे येणारच.

म्हणजे दीड महिना ती वाजतेय आणि मी टीओके लिहिलंय.

उपाय आहे, कॉईल आणि कंडेन्सरचा सापळा करून स्पीकरच्या आधी बसवायचा, नऊवरचं तेवढं गिळतो. मला त्याचा उपयोग शून्य. लावताना तरी मला कसं कळणार बसलं की नाही, त्यालाच शेजारी बसवून विचारावं लागेल, आहे का, गेली का, आता?

फॉल्ट परत उघडला. परवा बुधवार, जुना बाजार. फेराइटची कॉईल बघतो, आणि नॉब. परीक्षा २२ ला संपते, तोवर बसवायचं नाही.